कोंब आलेले कांदे कुंडीत लावले तर खाली नवे कांदे मिळतात का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरच्या एका ताईंकडे सकाळी पोहे ठरलेले, त्यामुळे कांदा चोइथराम मंडीतून एकदम पोत्याने येतो आणि श्रावण लागला की निम्म्या कांद्यांना कोंब. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी त्यातले काही कुंडीत लावले, पात झकास आली, मग जानेवारीच्या शेवटी मधून जाड पोकळ दांडा निघाला, वर पांढऱ्या फुलांचा गोंडा आला, आणि खणून बघितलं तर नवा कांदा नाहीच, लावलेला पण गायब. चुकलं काय, आणि आत्ता टोपलीत जे कोंबाचे कांदे पडलेत त्यांचं काय करू, असं त्या विचारतायत.

ताई, चुकलं काहीच नाही, कांद्याने जे करायला पाहिजे तेच केलं. आमच्याकडे सांवेरच्या बाजूला बटाटा, कांदा, लसूण हीच शेती, कांद्याचं बी आम्ही घरचंच धरतो, आणि तुमच्या कुंडीत जे झालं ते आमच्या शेतात बी धरायला आम्ही मुद्दाम करतो. बियाण्याच्या प्लॉटमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला निवडलेले कांदेच लावतात, थंडीत त्यांना डेंगळे येतात, डेंगळा म्हणजे तोच पोकळ दांडा, फेब्रुवारीत गोंडे फुलतात आणि एप्रिलपर्यंत काळं बी. तुम्ही नकळत बियाण्याचा प्लॉटच लावला होता, फक्त बी घेतलं नाही.

कांद्याचं आयुष्य दोन हंगामांचं असतं हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. पहिल्या हंगामात बियापासून रोप होतं, पात वाढते, पातीने केलेलं अन्न खाली थरांमध्ये साठतं तो आपला कांदा, मग माना पडतात, म्हणजे पात बुडाशी वाकून आडवी होते, पात वाळते आणि कांदा सुप्त राहतो. दुसऱ्या हंगामात तोच कांदा साठवलेलं सगळं काढून खर्च करायला लागतो, आधी कोंब, मग मुळं, थंडी मिळाली की डेंगळा, फूल, बी आणि खेळ खलास. टोपलीतल्या कांद्याचा पहिला हंगाम एप्रिल-मेमध्ये शेतातच संपलेला आहे. कुंडीत तुम्ही त्याला दुसऱ्या हंगामाला लावता, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा कधीच होणार नाही, उलट त्याचे थर मऊ पडत, चिपाडासारखे होत संपतात कारण त्यातला सगळा माल वर चढलेला असतो. ज्या व्हिडिओत कोंबाचा एक कांदा लावून दोन महिन्यांत चार टपोरे कांदे उपटून दाखवतात ते बघून कुंड्या विकत आणू नका, पात तुम्हाला नक्की मिळेल, बी जवळजवळ नक्की मिळेल, कांदे मात्र महिना बघून लावलं तरच आणि तेही लिंबाएवढे, फार तर थोडे मोठे.

आता कोंब नेमके पावसाळ्यातच का येतात ते सांगते कारण पुढच्या सगळ्याचा संबंध त्याच्याशी आहे. कांदा काढल्यावर काही महिने तो उगवायला तयारच नसतो, उन्हाळी म्हणजे रब्बीचा कांदा चांगला सुकवलेला असेल तर चार-सहा महिने टिकतो, आणि खरिपाचा लाल कांदा, जो आपल्याकडे दिवाळीनंतर येतो, तो महिना-दोन महिन्यांतच कोंब काढायला लागतो. सुप्तपणा संपला तरी मे महिन्याच्या ४० अंशांत तो गप्प राहतो, ३० च्या वर त्याला कोंब काढावासा वाटत नाही. पाऊस पडला, तापमान २२-२५ वर आलं, हवेत ओल आली की लगेच खालून पांढरी मुळं आणि वरून हिरवं टोक. कोंब सगळ्यात जोरात येतात ते १० ते २० अंशांत. पूर्ण कांदे फ्रिजमध्येही ठेवायचे नाहीत, तिथल्या ओलीने ते मऊ पडतात. आणि बटाट्याच्या टोपलीत तर मुळीच ठेवायचे नाहीत, बटाटा ओल सोडत असतो. क्वचित एखाद्या लॉटच्या कांद्याला काही केल्या कोंबच येत नाही, आला तरी खुरटतो, तो विकिरण केलेला असू शकतो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक नावाचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे, तिथे गॅमा किरणांचा अगदी हलका डोस देऊन कांद्याचा कोंबाचा डोळाच थांबवतात. खायला तो अगदी व्यवस्थित, पण लावायला निरुपयोगी.

कोंबाचा कांदा खायला चालतो का, हे बऱ्याच जणी दरवेळी विचारतात. चालतो. हिरव्या पडलेल्या, कोंबाच्या बटाट्यात जो विषारी प्रकार होतो तसं कांद्यात काही नसतं. थर घट्ट असतील तर कोंबासकट चिरा, मधला हिरवा भाग किंचित कडवट लागतो म्हणून कच्च्यात नको, फोडणीत घाला. मऊ पडून वास यायला लागला असेल तर टाकायचा. सालीखाली काळी भुकटी दिसते ती काजळी, बुरशी आहे ती, एखाद्या थरावर असेल तर तो थर काढून आतला स्वच्छ भाग वापरता येतो, पण असा कांदा लावायला मात्र घेऊ नका, तीच बुरशी कुंडीत घेऊन जाल.

आता लावण्याआधी एक कांदा उघडून बघा, खरंच बघा, वाचून नाही कळत. वरच्या कोरड्या साली काढा. मग सुरीने एका बाजूने वरपासून खालपर्यंत उभी चीर द्या पण फक्त वरच्या दोन-तीन थरांपुरती, मध्यापर्यंत सुरी जाऊ द्यायची नाही. थर बोटांनी उलगडत काढा, हे थर चांगले असतात, भाजीला घ्या. आत गेलात की पांढुरके-पिवळट कोंब दिसतील, वर हिरवे, खाली सगळे एका बटणाएवढ्या टणक तबकडीवर बसलेले. ती तबकडी म्हणजे कांद्याचं खोड, खरं खोड एवढंच, बाकी आपण खातो ती सगळी पानंच. बाहेरून एकच कोंब दिसत असला तरी आत दोन, तीन, कधी चारसुद्धा निघतात, प्रत्येकाला स्वतःचं पातळ आवरण असतं. तेवढीच तुमची रोपं. जे कांदे शेतातच जोड होते, म्हणजे मधून दुभागलेले, त्यात जास्त निघतात.

हे कोंब वेगळे करताना एकच गोष्ट सांभाळायची, प्रत्येक कोंबाच्या बुडाला तबकडीचा तुकडा आला पाहिजे. हाताने ओढले तर कोंब वर तुटून येतो आणि तबकडी खाली राहते, असा कोंब सडतो, त्याला मुळं फुटायला जागाच नाही. तबकडी उलटी धरून सुरीच्या टोकाने दोन कोंबांच्या मधोमध कापा. आणि अगदी सोलून पातीसारखा नागडा करू नका, प्रत्येक कोंबाभोवती एक-दोन जाड थर राहू द्या, मुळं धरेपर्यंत आठ-दहा दिवस तो त्यावरच जगतो. कापल्यावर सावलीत एक रात्र उघडं ठेवा म्हणजे काप सुकतो, पावसाळी दमट हवेत हे फार कामाचं आहे. कोंब एकच असेल तर कापायची भानगड नको, नुसती कोरडी साल काढून तसाच लावा. आणि अखंड कांदा न सोडवता लावला तरी चालतो, पण मग चारही कोंब एकमेकांना ढकलत वाढतात, पात भरपूर येते पण खाली कुणालाच फुगायला जागा मिळत नाही. पातीसाठीच लावायचा असेल तर अखंडच लावा, कांद्यासाठी लावायचा तर वेगळे करा.

महिन्याचं गणित आता. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. कांद्याला खाली फुगायचं की वर फुलायचं हे दोन गोष्टी ठरवतात, दिवसाची लांबी आणि थंडी. दिवस पुरेसा मोठा आणि हवा उबदार असेल तर गड्डा, म्हणजे खालचा कांदा, धरतो. आपल्या भारतातल्या मैदानी जाती लहान दिवसाच्या, ११-१२ तासांच्या उजेडात गड्डा धरणाऱ्या आहेत, युरोपातल्या जातींना १४ तासांपेक्षा जास्त लागतो त्या इथे नुसती पात करत बसतात, म्हणून बाहेरून आणलेलं फॅन्सी बी इथे चालत नाही. इंदूरला डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो, जूनमध्ये साडेतेरा. उलट झाड जरा मोठं झालेलं असताना रात्रीचं तापमान काही आठवडे १० अंशांच्या आसपास राहिलं की त्याच्या आत फुलाची तयारी सुरू होते. झाड लहान असेल, मान पेन्सिलपेक्षा बारीक असेल तर थंडीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, पण तुम्ही लावता तो पूर्ण वाढलेला कांदा, त्याच्याकडे अन्नाचा साठा तयार, तो थंडी मिळाल्याबरोबर डेंगळा काढणारच.

याचा अर्थ दिवाळीनंतर लावलेल्या कोंबाच्या कांद्याला आपल्या इंदूरची डिसेंबर-जानेवारीची थंडी पुरेपूर मिळते, म्हणून फूल. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वेगळे केलेले कोंब लावले तर पुढे दोन-अडीच महिने ऊब असते आणि दिवस १२ तासांच्या आसपास असतो, थंडी यायच्या आधी नोव्हेंबरात छोटे कांदे धरतात. अट एकच, पावसात सडू न देणं. आणि दुसरी संधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी ओसरलेली, दिवस वाढत चाललेला, तेव्हा खरिपाच्या लाल कांद्याला घरात कोंब आलेलेच असतात ते वेगळे करून लावायचे, एप्रिलच्या शेवटी-मेमध्ये माना पडतात. ते कांदे हिवाळाभर स्वयंपाकघरात उबेला असतील तर डेंगळे कमी येतात, गॅलरीत थंडीत पडलेले असतील तर त्यांनी थंडी खाऊन घेतलेली असते, ते फेब्रुवारीत लावले तरी फुलतात. माझा स्वतःचा कल फेब्रुवारीच्या लावणीकडे आहे, सडण्याचा त्रास नाही, आणि कांदा सुकतो पण छान.

तर ताई, आत्ता तुमच्या टोपलीत आहेत ते असे वाटून टाका: घट्ट, काजळी नसलेले, ठसठशीत कोंबाचे थोडे कांदे या आठवड्यातच सोडवून लावा, त्यांच्याकडून कांद्याची आशा धरा. बाकीचे अखंड कुंडीत खोचा, पात कापत राहा. आणि सगळ्यात सुंदर रंगाचे, गोल, बारीक मानेचे, एकच कोंब असलेले पाच-सहा बाजूला ठेवून ऑक्टोबरमध्ये बियासाठी लावा, जोड कांदे बियासाठी घेऊ नका नाहीतर पुढची पिढी पण जोड निघेल. तोवर ते पसरून, हवेशीर ठेवा, कोंब लांबला तर ऑक्टोबरात वरून कापून लावले तरी चालतात.

माती. आपली माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे पण कुंडीत तशीच भरली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट, तिच्यात गड्डा फुगत नाही, कडक पडली की दाबला जाऊन लांबट होतो. एक घमेलं काळी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक घमेलं नर्मदेची रेती, आणि वर दोन मुठी कडुलिंबाची खली म्हणजे पेंड, एवढं पुरे. कोकोपीट फेब्रुवारीच्या लावणीत थोडं चालेल, पावसाळ्यात नको, ते पाणी धरून ठेवतं. कंपोस्टबद्दल एक सांगावंसं वाटतं, जगभर सेंद्रिय शेतीवाले ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ती आपल्याच गावची, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथल्या संस्थेत होते, आज तिथे आपलं शेतकी कॉलेज आहे, त्यांनी इथल्या शेतकऱ्यांचा काडीकचरा, शेण, लघवीची माती, राख असे थर घालून ठराविक दिवसांनी उलटवून खत करायची पद्धत बसवली. गच्चीवर एवढा व्याप नको, पण थर आणि पलटणं हे तत्त्व ड्रममध्येही तंतोतंत लागू पडतं, आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यातलं निम्मं तरी कचऱ्याच्या गाडीत टाकण्याऐवजी आपल्या कुंडीत जातं. कांद्याची सालं खुशाल टाका, फक्त सडलेले, काजळीचे कांदे त्यात नकोत, ते गाडीतच द्या.

कुंडी उथळ आणि पसरट घ्या, आठ-नऊ इंच खोल झाली, कांद्याची मुळं फार खाली जात नाहीत. फळांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटला आतून जुनी गोणी लावली की उत्तम काम होतं आणि पाणी पण मस्त निघून जातं. कोंबा-कोंबात चार बोटं अंतर. तबकडी जेमतेम एक इंच मातीखाली, मान वर उघडी. खोल पुरलं तर मान जाड होते आणि कुजते, सगळ्यात जास्त नुकसान खोल लावण्यानेच होतं. ऊन सहा तास तरी लागतंच, त्याहून कमी असेल तर कांद्याचा नाद सोडा आणि पात खा. श्रावणातली झड लागली की क्रेट गच्चीच्या शेडखाली सरकवा, वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालायचं नाही, बोट घालून बघायचं, पात पिवळी पडून ओढल्यावर सहज हातात आली आणि बुडाला वास आला तर मूळकूज झालेली आहे, तो कोंब आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका.

पहिला महिना नत्र लागतं, शेणखताचं पातळ पाणी किंवा मोहरीची खली भिजवून केलेलं पाणी पंधरा दिवसांतून एकदा. नंतर बंद. पात तरारलेली बघून लोक देतच राहतात, मग माना जाड होतात, पडत नाहीत आणि काढलेला कांदा आठवडाभरात परत कोंब काढतो. गड्डा धरायला लागला की थोडी लाकडाची राख, आणि जमल्यास चिमूटभर जिप्सम, कांद्याचा झोंबणारा वास आणि तिखटपणा गंधकातून येतो आणि जिप्सममध्ये गंधक असतं. पात कापायची असेल त्या कुंड्या वेगळ्या ठेवा. ज्या कोंबाची पात तुम्ही पिठल्यासाठी कापता तो खाली कांदा देणार नाही, जेवढी पात तेवढं खाली साठणार, दोन्ही एकाच झाडाकडून मागायचं नाही. पातीच्या कुंडीतही बाहेरची पानं तीन-चार बोटं ठेवून कापा, मधला कोवळा शेंडा राहू द्या, म्हणजे तीन-चार वेळा मिळते. झुणक्याला ही घरची पात घालून बघा, बाजारच्या जुडीपेक्षा वास किती वेगळा येतो ते.

ग्लासात पाणी घालून बुड बुडवून ठेवणं मुलांना दाखवायला चांगलं आहे, मुळं दिसतात, पात येते, पण पाणी रोज बदलावं लागतं आणि दोन-तीन आठवड्यांत कांदा रिकामा होतो. पाण्यात नवा कांदा होत नाही. चिरताना उरलेलं मुळाकडचं बूड एक इंच जाड ठेवलं तर ते मातीत लावून पात मिळते, तेवढीच.

डेंगळा आला तर काय करायचं? आधी तो ओळखा. कांद्याचं पान आतल्या बाजूने किंचित चपटं असतं आणि टोकाकडे बारीक होत जातं. डेंगळा अगदी गोल, दाबला तर ताठ, खालच्या अर्ध्या भागात फुगीर, आणि टोकाला पांढरट कागदासारख्या आवरणात मिटलेली टोकदार कळी. ज्या कुंडीत कांदे हवेत तिथे ही कळी दिसल्याबरोबर दांडा बुडातून काढा, कोवळा असेल तर चिरून भाजीत घाला. पण त्या कोंबाचा कांदा मग चांगला होत नाही हेही धरून चाला, मधून दांड्याचं लाकूड राहतं, टिकत नाही, असा कांदा काढला की आधी खाऊन टाकायचा. त्याच्या शेजारचा कोंब, ज्याला डेंगळा आला नाही, तो फुगू शकतो.

आणि बियाच्या कुंडीत उलट, दांडा जपायचा. गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात, ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलतात. प्रत्येक फुलात आधी पराग झडतो आणि नंतर स्त्रीकेसर तयार होतो, त्यामुळे फुलाचं स्वतःवर भागत नाही, मधमाशीच पाहिजे. म्हणून फेब्रुवारीत त्या गच्चीवर कुठलंही फवारणीचं औषध नाही, कडुलिंबाचं तेल मारायचंच झालं तर संध्याकाळी माश्या गेल्यावर आणि गोंड्यावर अजिबात नाही. जवळ कोथिंबीर फुलू दिली तर माश्या हमखास येतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर माश्या कमी येत असतील तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास तळहात एका गोंड्यावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवा, परत उलट, असं रोज. पाच-सहा वेगवेगळे कांदे लावायला सांगितलं ते यासाठीच, एकाच कांद्याचं बी एकमेकांत धरलं तर पुढची रोपं कमजोर निघतात. दांडे वाऱ्याने मोडतात, काठीला सैल बांधा. गोंड्यातली थोडी बोंडं तडकून काळं बी दिसायला लागलं की थांबू नका, पूर्ण वाळायची वाट बघाल तर अर्धं बी गळून जाईल, गोंडा चार बोटं दांड्यासकट कापून कागदाच्या पिशवीत सावलीत वाळवा आणि हातावर चोळून पाखडा.

हे बी म्हणजे तुमच्या कोंबाच्या कांद्याची खरी कमाई. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे येतात आणि एका चांगल्या गोंड्याच्या बियातून अख्ख्या गच्चीची रोपं होतात. बाजारच्या कांद्याचं बी असल्याने रंग-आकार थोडा वेगवेगळा येईल, एकसारखंच पाहिजे असेल तर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या जाती घ्या, रब्बीला भीमा शक्ती किंवा भीमा किरण, खरिपाला भीमा सुपर. घरचं असो की विकतचं, रब्बीचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरला ट्रेमध्ये टाकायचं, दीड-पावणेदोन महिन्यांचं रोप डिसेंबरच्या शेवटी-जानेवारीत क्रेटमध्ये लावायचं, एप्रिल-मेमध्ये निम्म्या माना पडल्या की पाणी बंद करून काढायचं. लावलेलं रोप बारीक असतं म्हणून त्याला थंडी लागून डेंगळा येत नाही, तुमच्या कोंबाच्या कांद्याला आला पण याला नाही यामागे एवढंच आहे.

कांद्यापासूनच कांदा करायचा हट्ट असेल, आणि मला तो हट्ट आवडतो, तर त्याची एक पक्की रीत आहे, राजस्थानात अलवरकडे खरिपाचा कांदा याच रीतीने करतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत खरिपाच्या जातीचं बी एका क्रेटमध्ये मुद्दाम दाट पेरायचं, विरळणी नाही, जागा बदलणं नाही. दाटीमुळे एप्रिल-मेपर्यंत बोरापासून सुपारीएवढ्या छोट्या कांद्या तयार होतात, पात वाळू द्यायची, मग काढून जाळीच्या पिशवीत हवेशीर टांगायच्या. ऑगस्टच्या मध्याला त्यातल्या दीड-दोन सेंटिमीटरच्या निवडून चार-चार बोटांवर लावायच्या, मोठ्या असतील त्या फुलण्याची शक्यता जास्त म्हणून त्या लोणच्याला किंवा आमटीला. नोव्हेंबर-डिसेंबरात, ज्या वेळी मंडीत भाव चढलेला असतो, तुमच्या क्रेटमध्ये भरदार कांदा तयार असतो. यात कोंबाच्या मोठ्या कांद्यासारखी निराशा नाही कारण छोट्या कांदीत फुलायला लागणारा साठाच नसतो, ती परत पहिल्या हंगामासारखीच वागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पातीवर पांढरे-चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे, पानाच्या बेचक्यात, अगदी आत लपतात, पिवळसर, डोळ्याला जेमतेम दिसणारे. नळीच्या जोरदार पाण्याने बेचके धुवा, निळे चिकट सापळे लावा, फुलकिडे निळ्या रंगाकडे येतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कडुलिंबाचं तेल. पानावर जांभळट मध्याचे लांबट डाग आले की करपा, ती पानं काढून टाका आणि संध्याकाळी वरून पाणी घालणं बंद करा. त्याच मातीत पाठोपाठ कांदा-लसूण लावू नका, मध्ये मेथी, पालक काहीही घ्या. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंड्या त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा, कांदा आणि पात दोन्ही त्यांना विषारी आहेत, रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

काढलेले कांदे लगेच धुवायचे नाहीत, पातीसकट दोन-तीन दिवस तिथेच पसरून ठेवायचे, एकाच्या पातीने दुसऱ्याचा कांदा झाकला जाईल असे, नाहीतर मेचं ऊन भाजून काढतं. मग सावलीत दहा-बारा दिवस, मान पूर्ण सुकली की एक इंच ठेवून कापायची. जवळून कापली तर तिथूनच सड सुरू होते.

बी मात्र फार दिवस ठेवायची वस्तू नाही, आपल्या हवेत वर्षभरात कांद्याचं बी मरायला लागतं. घट्ट झाकणाच्या बाटलीत, पूर्ण वाळवून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि ऑक्टोबरात पेरायच्या आधी ओल्या कापडात वीस दाणे गुंडाळून बघा. आठ-दहा दिवसांत पंधरा-सोळा उगवले तर नेहमीसारखं पेरा, दहा उगवले तर दुप्पट दाट पेरा, त्याहून कमी असतील तर नवीन बी घ्या.